पाण्याखालचे गाव

परदेशी मुलाकडे चार-सहा महिने राहून आलेल्या आईबापांनी परतल्यावर एखादे प्रवासवर्णन लिहावे, हा आता शिरस्ताच होऊन बसला आहे. आमच्याकडूनही इष्टमित्रांची तीच अपेक्षा होती. परंतु लंडनचा मनोरा, राजवाड्यापुढचे पहारेकरी आणि थेम्सवरचे पूल यांविषयी आम्ही नवे ते काय सांगणार? त्या सर्व वस्तू आम्ही पाहिल्या, त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रेही काढवून घेतली आणि घरी येईपर्यंत त्यांपैकी निम्म्या विसरूनही गेलो. जी गोष्ट विसरता आली नाही ती निराळीच आहे. ती एका पाण्याखाली गेलेल्या खेड्याची आणि त्या खेड्यात लहानपणची आठ वर्षे काढलेल्या एका वृद्ध बाईंची.

आमच्या चिरंजीवांचे बिऱ्हाड तेव्हा शेफील्ड शहरी होते. २०१८ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तेथे गेलो. त्या वर्षी इंग्लंडात पावसाने ओढ दिली होती आणि ज्या हिरवळीची एवढी वाखाणणी ऐकली होती ती गवताची काडी न् काडी पिवळी पडली होती. एके रविवारी चिरंजीवांनी आम्हांस गाडीत घालून पश्चिमेकडील डोंगरांत लेडीबाउअर नावाचा जलाशय दाखवावयास नेले. दोन्ही बाजूंस डोंगर, मधे लांबच लांब पाणी आणि त्यावरून उंच कमानींवर गेलेला रस्ता. देखावा रम्य खरा, पण पाणी बरेच खाली गेल्यामुळे काठाची करडी माती उघडी पडली होती. "या पाण्याखाली दोन गावे आहेत," असे चिरंजीव सहज म्हणाले. आम्ही काहीच बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईलच.

या जलाशयाची हकीकत थोडक्यात अशी आहे. डर्बीशायर परगण्यातील डर्वेंट नदीच्या खोऱ्यात आरंभी हाउडन आणि डर्वेंट अशी दोन दगडी धरणे बांधण्यात आली. त्यांचे काम १९०१ ते १९१६ पर्यंत चालले. त्या वेळी मजुरांसाठी बर्चिनली येथे पन्हळी पत्र्यांचे एक गावच उभारले होते आणि काम संपताच ते उठलेही. परंतु शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम व लेस्टर या शहरांची तहान तेवढ्याने भागेना. म्हणून १९३५ साली खालच्या अंगास लेडीबाउअरचे तिसरे व थोरले धरण घालण्यास आरंभ झाला. त्यात डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन खेडी गेली. १९४३ च्या मार्चात डर्वेंटच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. तेथील स्मशानातील मृतांचे अवशेष उकरून बॅमफर्ड गावी पुन्हा पुरण्यात आले. ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला एक जुना दगडी पूल दगड न् दगड सोडवून नेला व पुढे वरच्या अंगास पुन्हा उभा केला. चर्चचा मनोरा मात्र तसाच ठेवला होता, तो कित्येक दिवस पाण्याबाहेर डोके काढून उभा असे. अखेर १९४७ च्या डिसेंबरात सुरुंग लावून तोही पाडला. तत्पूर्वीच, १९४५ च्या सप्टेंबरात, सहाव्या जॉर्ज राजांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले होते.

पावसाळा लांबला तसतसे पाणी आणखी उतरले आणि शरदात डर्वेंट गावाचे अवशेष वर आले. मग काय विचारता! आसपासच्या शहरांतून माणसांची रीघ लागली. कोणी चर्चच्या पडक्या चिऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे काढीत, कोणी चिखलात रुतून बसत आणि मग त्यांस ओढून काढण्यास डोंगरातील सुटकापथकाला धावावे लागे. वर्तमानपत्रांतून रोज त्याचीच चर्चा. त्याच सुमारास आमच्या सूनबाईंच्या शेजारीणबाईंनी आम्हांस एका लहानशा सभेचे आमंत्रण दिले. त्या भागातील काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा जमून आपल्या गावांचा इतिहास जुळवीत असत. "तुम्हांला इतिहासाची आवड आहे, तर चला," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही गेलो.

सभा कसली, पंधरा-वीस पेन्शनर स्त्रीपुरुष, एक लांब मेज आणि चहाचे पेले. पण त्या मेजावर जे कागद पसरले होते ते पाहून आम्ही थक्क झालो. त्या देशात प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतील बारसे, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम १५३८ साली निघाला होता. खानेसुमारीत घराघरांतील माणसांची नावे १८४१ पासून मिळतात आणि शंभर वर्षे उलटली की ती सर्वांस पाहावयास खुली होतात. पंचवीस इंचांस एक मैल या मापाच्या नकाशांवर एकेक घर, एकेक कुंपण दाखविलेले असते. सर्वांत गोड वस्तू म्हणजे खेड्यांतील शाळांचे रोजनामे. आज गवत कापणीमुळे निम्मी मुले गैरहजर, आज बर्फामुळे शाळा बंद, अशा नोंदी मास्तरांनी आपल्या हाताने करून ठेवलेल्या. हे सारे चाळून आपल्या गल्लीचा, आपल्या घराचा इतिहास लिहिणारी माणसे तेथे गावोगाव आहेत. आणि कागदांवरच त्यांची मदार नाही. ऑक्सफर्डशायरमधील एका वस्तीत १८८० च्या दशकात वाढलेल्या फ्लोरा टॉम्प्सन बाईंनी आपले बालपण १९३९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. जॉर्ज एवर्ट एव्हान्स हे मूळचे वेल्सचे गृहस्थ सफकमधील ब्लॅक्सहॉल गावी येऊन राहिले, शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांस व मेंढपाळांस बोलते करून त्यांनी १९५६ साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक केले. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणाऱ्या देशाला आपल्या मेंढपाळांचाही इतिहास हवासा वाटला, हे आम्हांस विशेष वाटले.

त्या सभेत एका कोपऱ्यात त्या बाई बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, बांधा ठेंगणा, हाताला कंप, पण नजर तल्लख. त्या अ‍ॅशॉप्टनच्या. डर्वेंटचे अवशेष पाहून आलेल्या एका तरुणाने त्यांस मोठ्या उत्साहाने विचारले, "आजी, तुम्ही गेला होतात की नाही आपले गाव पाहायला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "ते डर्वेंट, बाळ. माझे गाव गाळाखाली गेले. पाणी कितीही आटले तरी ते आता दिसायचे नाही." आम्ही पुढे चौकशी केली. गोष्ट खरी आहे. अ‍ॅशॉप्टनवर एवढा गाळ साचला आहे की, ते पुन्हा दृष्टीस पडण्याची आशा नाही.

मग बाईंनी पिशवीतून एक मोठा कागद काढला. त्यावर शिसपेन्सिलीने त्यांनी आपले गाव काढले होते. तो काही सरकारी नकाशा नव्हे, मापाची तर बोंबच होती. कारण त्यांच्या दारातली दगडी डोणी शेजारच्या घराएवढी मोठी आणि ज्यावरून सारी वाहतूक चाले तो रस्ता एक बारीक रेघ! पण त्या कागदावर जे होते ते दुसऱ्या कोणत्याही कागदावर नव्हते. अ‍ॅशप नदी डर्वेंटला मिळे तेथे पाण्याचा आवाज बदलत असे, ती जागा. आई दुधाची किटली ठेवी तो भिंतीतला कोनाडा. थंडीने काकडलेले कोकरू वडिलांनी चुलीपाशी ज्या खोक्यात ठेवले होते, ते खोके. एक शेजारीण ताज्या पावाचा कडक कडा मोडून हातावर ठेवी, ती तिची खिडकी. १९४३ च्या वसंतात वरच्या धरणावर विमाने अगदी खालून उडत येत. ती कशाची तालीम होती हे पुढे साऱ्या जगाला कळले. बाईंना मात्र एवढेच आठवत होते की, विमानांच्या घरघरीने कोंबड्या भेदरून अंडी देईनाशा झाल्या. "नकाशात माझे घर आहे," बाई म्हणाल्या, "खानेसुमारीत माझ्या आजोबांचे नाव आहे. पण ही कोंबड्यांची गोष्ट मी गेले की कोण सांगणार?"

आम्हांस राहवेना. आम्ही बाईंस म्हणालो, "आमचे आजोळही असेच पाण्याखाली आहे." आणि ते खरेच होते. कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले, त्याच्या पाण्यात आमच्या मामांचा वाडा, शेत, देऊळ सर्व गेले. त्या वेळी आम्ही पंधरा वर्षांचे होतो. म्हणजे तेथील दहा-बारा उन्हाळे आमच्या वाट्यास आले होते. त्या धरणाच्या विजेच्या दिव्याखाली पुढे पुण्यास आम्ही अभ्यास केला, परीक्षा दिल्या, संसार केला. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी आपला कागद उलटा केला, पेन्सिल आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "काढा पाहू."

आम्ही नदी काढली. देऊळ काढले. मामांचा वाडा काढला, त्याच्या मागे फणस काढला. आणि तेथे पेन्सिल थबकली. विहीर वाड्याच्या कोणत्या अंगास होती? डाव्या हाताचे घर कोणाचे? नदीवर जाणारी पायवाट देवळापुढून जाई की मागून? सर्व काही डोळ्यांपुढे असल्यासारखे वाटत होते आणि कागदावर काहीच उतरेना. बाई वाट पाहत होत्या. आम्ही खाली मान घातली.

आमच्या मातोश्रींस ते सर्व ठाऊक होते. दुपारी तांदूळ निवडताना त्या आपल्या माहेरच्या गोष्टी काढीत. कोणत्या सणाला कोणाच्या अंगणात झोपाळा बांधला जाई, कोणत्या आत्याबाईंच्या हातची आमसुले सगळ्या गावात जात, पुरात गुरे कशी वाचविली. आम्ही तेव्हा कचेरीच्या कामात गढलेले. "अग आई, शंभरदा सांगितलेस की," असे म्हणून आम्ही वर्तमानपत्रात तोंड घालीत असू. एकदा तर आम्ही त्यांस म्हणालो, "जे गेले ते गेले, आता त्याचे काय?" त्यानंतर त्यांनी आमच्यापाशी तो विषय फारसा काढला नाही. १९९८ साली त्या वारल्या. त्यांचे गाव दोनदा बुडाले, एकदा कोयनेच्या पाण्यात आणि एकदा आमच्या त्या एका वाक्यात. हे आम्हांस सातासमुद्रापलीकडे, परक्या माणसांच्या सभेत, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळावे, याला काय म्हणावे!

परतीच्या वाटेवर आमच्या सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कऱ्हाडच्या मावशी आहेत ना अजून?"

मावशी होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, ऐकू कमी येई, पण स्मरण शाबूत. इंग्लंडहून परत येताच आम्ही कागद-पेन्सिल घेऊन कऱ्हाडास गेलो आणि चार दिवस त्यांच्या खाटेशी बसलो. आम्ही काढलेला नकाशा पाहून त्या प्रथम हसल्या आणि मग रागावल्या. "अरे, विहीर उजव्या अंगाला कशी? तिकडे तर गोठा. पाणी शेंदून आणताना गोठ्यातली तांबू माझ्या पदराला तोंड लावायची, ती परतताना, डाव्या हाताला." एकेक घर त्यांनी जागच्या जागी बसविले, प्रत्येक घराबरोबर एकेक गोष्ट आली, काही गोष्टींत दोन घरांची भांडणेही आली. सगळे आम्ही उतरून घेतले. काही जागा कोऱ्याच राहिल्या. मावशी म्हणाल्या, "हे तुझ्या आईला ठाऊक होते. मी धाकटी." त्या जागा आम्ही तशाच कोऱ्या ठेवल्या आहेत.

२०२१ साली सूनबाईंच्या शेजारीणबाईंचे पत्र आले की, अ‍ॅशॉप्टनच्या बाई निवर्तल्या. त्यांनी काढलेला गावाचा नकाशा त्या मंडळींनी आपल्या संग्रहात जपून ठेवला आहे. त्याच कागदाच्या पाठीवर आमची नदी, देऊळ, वाडा आणि फणस आहेत, विहिरीवाचून. मावशींनी दुरुस्त केलेल्या नकाशाची एक प्रत आम्ही त्यांजकडे धाडून दिली आणि तीही सोबत ठेवावी अशी विनंती केली.

आपल्याकडे चर्चची दप्तरे नाहीत, हे खरे. शाळांचे रोजनामे वाळवीने खाल्ले, हेही खरे. परंतु दुपारी तांदूळ निवडत बसलेले कोणी तरी अद्याप पुष्कळ घरांत आहे. वाचकांच्या घरात असे कोणी असल्यास हा अंक मिटून ठेवून त्यांनी एक कोरा कागद घ्यावा, आणि विहीर कोणत्या अंगास होती, एवढेच आज विचारावे.