गल्लीची मोजदाद

गुलमंडीवरून आत वळलं की पानदरीबा, रंगारगल्ली, मछली खडक, कासारी बाजार, सराफा. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहराचा हा गाभा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६५३ मध्ये सुभेदार म्हणून पुन्हा आलेल्या औरंगजेबाने तिला औरंगाबाद केलं, १६८२ मध्ये तट घातला, १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. शहराच्या या तारखा सगळ्यांना ठाऊक आहेत. घरांच्या तारखा मात्र फारशा कोणी लिहिल्या नाहीत.

ही यादी अशा घरांची. ती साधारण वाटेतल्या क्रमाने केली आहे: रस्त्यावरून दारात, दारातून चौकात, चौकातून छपरावर आणि तिथून कचेरीत.

जोतं
काळ्या घडीव दगडाचं. त्यावर चढायला पायऱ्या होत्या. रस्त्यावर डांबराचा थर, त्यावर काँक्रीटचा थर, पुन्हा डांबर. जुना थर कोणी खरवडला नाही. रस्ता वर आला, पायऱ्या गाडल्या गेल्या, आता पावसाळ्यात रस्त्याचं पाणी घरात उतरतं. घर खचलं असं म्हणतात. घर होतं तिथेच आहे.

दिंडी
मोठ्या दरवाजातला छोटा दरवाजा. वाकून आत जायचं. मोठा दरवाजा लग्नकार्याला किंवा धान्याची गाडी आली की उघडायचा. आता त्या जागी लोखंडी शटर.

ढाळज
आत शिरताच लागणारी बसायची जागा. व्याही, सावकार, मुनीम, भिक्षेकरी इथपर्यंत. सगळ्यांत आधी हिचंच दुकान झालं. मोबाइलची कव्हरं, साड्या, इमिटेशन दागिने. दुकानाचं भाडं चांगलं येतं, म्हणून पुढचा भाग चकचकीत असतो. मागे चौकात कोणी राहत नाही, तिथली तुळई कुजली तरी कळत नाही.

खांब
सागवानी. खाली दगडी उथळा, लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. वर तुळई, तिच्यावर कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणांनी. जुन्या सागवानाला उत्तम गिऱ्हाईक आहे. नक्षीचे खांब आणि चौकटी हॉटेलांत, फार्महाउसवर जातात. उभ्या वाड्यातून मालकाला काही मिळत नाही, पाडलेल्यातून मिळतं. हा हिशेब बदलेपर्यंत वारशावरची भाषणं व्यर्थ आहेत.

दिवळी
भिंतीतला कोनाडा, दिव्यापुरता. वर काजळीचा डाग राहिला आहे.

बळद
भिंतीच्या जाडीत धान्य साठवायची जागा. वरून ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. धान्य महिन्याला पाच किलोच्या पिशवीत येऊ लागलं तेव्हाच ते निरुपयोगी झालं. बरीच बळदं विटा लावून बुजवली आहेत.

चुना
घाण्यात मळलेला. त्यात वाळू, गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर. चुन्याची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. डागडुजी म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला जातो. सिमेंट ओल आत कोंडतं. ती ओल भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकात उतरते, टोक कुजतं, छप्पर बसतं. घर बेफिकिरीने जितकं मरतं तितकंच चुकीच्या काळजीनेही मरतं.

माळवद
कडीपाटावर चिपा, चिपांवर माती, सगळ्यांत वर खारी पांढरी माती. मृगाच्या आधी ती नव्याने पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळी करायची. उन्हाळ्यात रात्री तिथेच निजायचं. मराठवाड्याच्या उन्हात माळवदाखालची खोली दुपारीही सुसह्य राहते, पत्र्याखालची राहत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि माळवदावरचा विश्वास एका रात्रीत गेला. लातूर-धाराशिवकडे दगड-मातीच्या जाड भिंती कोसळून आणि छपराच्या मातीखाली गाडली जाऊन हजारो माणसं गेली. ती भीती खोटी नव्हती. पण कारणं नीट वाचली गेली नाहीत. भिंतीचे दोन पदर एकमेकांत बांधणारे लांब दगड बऱ्याच ठिकाणी घातलेलेच नव्हते. जुनी माती न काढता वर्षानुवर्षं नवी पसरल्यामुळे छपरं फार जड झाली होती. आणि अनेक घरांत भिंती पडल्या तरी लाकडी खांबांवरचं छप्पर उभं राहिलं होतं. यातून जुनी माती उतरवावी आणि भिंत बांधून घ्यावी असा धडा घेता आला असता. आपण घेतलेला धडा एवढाच, की माळवद नको, स्लॅब हवा.

हौद
डोंगरातून नहर-ए-अंबरीचं पाणी खापरी नळांनी शहरात येई, वाटेत उंच बंब्यांवर चढे आणि तिथून हौदांत उतरे. सतराव्या शतकातली ही सोय. आता पाणी जायकवाडीवरून येतं, तेही काही दिवसांआड. म्हणून प्रत्येक छपरावर प्लॅस्टिकच्या काळ्या टाक्या. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, आणि ते माणसं निजण्यासाठी केलेल्या माळवदावर. चौकातल्या कोरड्या हौदात तुटक्या खुर्च्या.

बेलदार, सुतार, चुनेवाला
माती चोपणारा, साल (सांधा) बसवणारा, चुन्याचा घाणा लावणारा. मागणी नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून मागणी नाही. बीबी का मकबऱ्याच्या आणि लेण्यांच्या कामावर चुन्याचे कारागीर आजही राबतात, तेव्हा विद्या मेलेली नाही. ती सरकारी स्मारकांपाशी थांबली आहे, गल्लीपर्यंत येत नाही.

सामाईक भिंत
दोन वाड्यांत मिळून एक. तिचा खर्चही निम्मानिम्मा. एक वाडा पाडला की शेजारच्याची आतली भिंत उघडी पडते. तिला गिलावा नाही, पावसाची सवय नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तिचा नंबर लागतो. म्हणून इथे एकटं घर वाचवता येत नाही. ओळ वाचवावी लागते.

पी.आर. कार्ड
म्हणजे मिळकत पत्रिका. त्यावर अजून आजोबांचं नाव. वारस कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत, कोणी परदेशात. वाटणीपत्र नाही, हक्कसोड नाही, सहीला कोणी येत नाही. छप्पर गळतं त्याचा मालक कोण, हे ठरेपर्यंत छप्पर थांबत नाही.

भाडेपावती
मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता, पुढे त्याची जागा महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने घेतली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण भाडं इतकं मागे राहिलं की त्यातून एक तुळईही बदलता येत नाही. मालक म्हणतो, राहणाऱ्याने करावं. राहणारा म्हणतो, ज्याचं घर त्याने करावं. दोघांचं म्हणणं बरोबर आहे, आणि छपराला ताडपत्री आहे.

रुंदीकरणाची रेघ
२०११ च्या सुमारास जुन्या शहरात रस्ता रुंदीकरणाची मोठी मोहीम निघाली. नकाशावरची रेघ घरांच्या मधून गेली. काही घरांचं तोंड कापलं गेलं, धड राहिलं. आतल्या खोलीची दिवळी रस्त्यावर आली. मिळालेल्या रुंदीत आज दुचाक्या उभ्या असतात.

दरवाजे
शहराचे. यातले बरेच वाचले. मलिक अंबरचा १६१२ चा भडकल दरवाजा उभा आहे. पैठण, दिल्ली, मक्का, रोशन हेही आहेत. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काहींची डागडुजी झाली, रोषणाई आली. ते चांगलंच झालं. मात्र दरवाजाला वारस नसतात, भाडेकरू नसतो, न्हाणीघर नसतं. त्याला वाचवणं सोपं. ज्या वस्तीत शिरण्यासाठी तो बांधला, ती वस्ती अवघड आहे.

अहमदाबाद
वस्ती वाचवायचा प्रयत्न तिथे झाला. तिथल्या पोळांतली (जुन्या मोहल्ल्यांतली) घरंही लाकडाची, दाटीची, वारसांच्या भांडणातली. महापालिकेने वारसा कक्ष १९९६ मध्ये काढला, १९९७ मध्ये वारसा फेरी सुरू केली, घरांची यादी केली, यादीतल्या घराच्या मालकाला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) विकता येईल अशी सोय केली. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या शहराला जागतिक वारसा शहर म्हटलं. तिथेही घरं पडतात. फरक एवढाच की पडलेलं घर यादीतून खोडावं लागतं, म्हणजे हिशेब तरी राहतो. महाराष्ट्राच्या नियमांतही वारसा इमारतीसाठी टीडीआर आहे. त्यासाठी घर आधी यादीत यावं लागतं, आणि आपल्याकडे वारसा म्हटलं की डोळ्यांपुढे दरवाजे, मशिदी, मंदिरं, मकबरे येतात. पानदरीब्यातला पाच खणी वाडा येत नाही.

नोटीस
दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक घरांना नोटिसा लावते. आधार महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ चा. त्या कलमात चार गोष्टी आहेत: पाडा, आधार द्या, हटवा किंवा दुरुस्त करा. गल्लीत पोचेपर्यंत त्यातली पहिलीच उरते. मालकाला ती सोयीची, कारण भाडेकरू आपोआप निघतो. बिल्डरला सोयीची. अधिकाऱ्यालाही सोयीची, कारण पाडलेलं घर कोणाच्या अंगावर पडत नाही.

नवा कायदा मागायची गरज नाही. आहे त्याच कलमातली चौथी गोष्ट वापरावी. नोटिशीसोबत जुन्या बांधकामाचा जाणकार अभियंता घरी यावा, काय बदलायचं ते त्याने लिहून द्यावं, चुन्याच्या आणि सुतारकामाच्या माणसांची नावं महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात मिळावीत, आणि जो दुरुस्ती करेल त्याला काही वर्षं मालमत्ता कर माफ व्हावा. रस्त्याचा नवा थर टाकण्याआधी जुना खरवडावा, एवढं तर उद्यापासून करता येईल. सुरुवात सगळ्या शहरापासून नको. एक गल्ली घ्यावी, दोन्ही बाजूंची सगळी घरं घ्यावीत, आणि पुढच्या मृगाच्या आधी त्यांची छपरं आटपावीत.