तंजावरचा मुक्काम आणि मुलांचे वावडे

दक्षिणेच्या यात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबाला तंजावर हे गाव परके वाटत नाही. तमिळ लोक त्याला तंजावूर म्हणतात. आपल्या तोंडी मात्र तंजावर हेच नाव बसलेले आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सन १६७५-७६ च्या सुमारास येथे राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे येथे नांदले. राजराज चोळाने सन १०१० मध्ये पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या देवालयात आपण शिरलो, साठ मीटरांहून उंच अशा त्या विमानाकडे मान वर करकरून पाहिले आणि मग प्राकाराच्या भिंतीकडे वळलो, तर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आपल्याला तेथे वाचावयास मिळतो. घरापासून इतक्या दूर, दगडावर आपली भाषा पाहून कोणाचेही मन भरून यावे.

परंतु वाचकहो, ज्या कुटुंबात एखाद्या मुलाला शेंगदाण्याचे, तिळाचे, दुधाचे किंवा गव्हाचे वावडे आहे, त्या कुटुंबातील आईचे मन देवळाच्या शिखरापाशी नसते. ते असते उतरावयाच्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात. तेथे कोणते तेल वापरीत असतील? चटणीत काय वाटले असेल? रात्री काही झाले तर दवाखाना किती लांब? ह्या प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली, तरच तिला देऊळ दिसते. म्हणून ह्या लेखात तंजावरची शोभा थोडी आणि मुक्कामाची निवड अधिक, असा बेत योजिला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. वावडे म्हणजे नावड नव्हे, आणि नुसते न पचणेही नव्हे. दुधातील साखर न पचल्यामुळे पोट बिघडते, तो प्रकार त्रासदायक असला तरी बहुधा जिवावरचा नसतो. खऱ्या वावड्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच एखाद्या निरुपद्रवी अन्नाला शत्रू समजते, आणि मग अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास कोंडणे येथवर मजल जाते. त्यासाठी पदार्थ वाटीभर लागत नाही. चमच्याला चिकटलेला अंशही पुरतो. गव्हातील ग्लुटेन ज्यांना चालत नाही अशा सीलिअ‍ॅक विकाराच्या रुग्णांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना तत्काळ काही दिसले नाही तरी आतड्याला इजा होत राहते. आपल्या मुलाचा प्रकार कोणता, हे प्रवासापूर्वी डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे. मुक्कामाचे पुढील सारे नियोजन त्यावर अवलंबून आहे.

आता तंजावरच्या ताटाकडे, म्हणजे केळीच्या पानाकडे वळू. हा कावेरीचा भाताचा प्रदेश. तांदूळ आणि उडीद यांवर येथील न्याहारी उभी असल्यामुळे गव्हाचे वावडे असणाऱ्याला हे गाव उत्तरेपेक्षा पुष्कळ सोयीचे. इडली, साधा डोसा, आप्पम, पोंगल, दहीभात असे किती तरी पदार्थ त्याच्यापुढे येऊ शकतात. मात्र रवा डोसा, उपमा, शेवया आणि परोटा यांत गहू आहेच. बाजारच्या तयार हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि सांबारात हिंग नसणे विरळा. जवळच असलेल्या तिरुवय्यारूचा प्रसिद्ध अशोका हलवा मुगाच्या डाळीचा म्हणून ओळखला जातो, पण त्यात कणीकही पडते आणि तूप तर ओतप्रोत असते. नावावरून पदार्थाची पारख करू नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा तेलाचा. आपल्याकडे ‘तेल’ हा शब्द तिळापासून आला. तमिळमधील ‘एण्णै’ हा शब्दही मुळात तिळाच्या स्नेहावरूनच निघाला. तिळाच्या तेलाला तर तेथे ‘नल्लेण्णै’, म्हणजे ‘चांगले तेल’ असे म्हणतात. लोणचे त्यात मुरते, इडलीबरोबरची कोरडी चटणी त्यात कालवितात, डोशाच्या कडेने ते सोडतात आणि पुष्कळ ठिकाणी इडलीच्या साच्यालाही तेच लावतात. तेव्हा ज्या मुलाला तीळ चालत नाहीत, त्याच्या आईने ‘तीळ घालता का?’ असे विचारून भागत नाही. ‘नाही’ असे उत्तर अगदी प्रामाणिकपणे मिळेल, कारण तेल हे तीळ आहेत असे कोणाच्या मनातच येत नाही. ‘तेल कोणते?’ असेच विचारावे. इडली साच्याऐवजी ओल्या फडक्यावर उकडून मिळते का, हेही विचारावे.

तिसरा धडा शब्दांचा. ‘कडलै’ हा तमिळ शब्द मोठा फसवा आहे. ‘कडलै परुप्पु’ म्हणजे हरभऱ्याची डाळ, ‘कडलै मावु’ म्हणजे बेसन आणि ‘पोट्टुकडलै’ म्हणजे आपले चिवड्यातले डाळे. परंतु ‘कडलै एण्णै’ म्हणजे शेंगदाण्याचे तेल आणि ‘कडलै मिठाई’ म्हणजे शेंगदाण्याची चिक्की. शेंगदाण्याला निःसंदिग्ध शब्द हवा असेल तर ‘वेर्कडलै’ म्हणावे. तिळाला ‘एळ्ळु’, काजूला ‘मुंदिरी’, दुधाला ‘पाल’, तुपाला ‘नेय्’, गव्हाला ‘गोदुमै’ आणि अंड्याला ‘मुट्टै’ असे शब्द आहेत. ‘वेण्डाम’ म्हणजे ‘नको’. हा शब्द ऐकून वाढपी समजतो की मुलाला आवड नाही, आणि वरचे काजू तेवढे काढून देतो. ‘साप्पिडक्कूडादु’, म्हणजे ‘खाताच कामा नये’, असे म्हटले की त्याचा चेहरा बदलतो. वावड्याला ‘ओव्वामै’ असा शब्द आहे. हे सर्व एखाद्या तमिळ स्नेह्याकडून तमिळ लिपीत एका जाड कार्डावर लिहून घ्यावे आणि त्याच्या चार-पाच प्रती जवळ ठेवाव्या. एक प्रत स्वयंपाक्याच्या हाती जावी, ती परत मागू नये.

आता मुक्काम कोठे करावा? तंजावरात साधारणपणे तीन तऱ्हेची ठिकाणे आढळतात. गावात स्थानकाच्या आसपास नुसत्या खोल्या देणारी लॉज आहेत; त्यांचे स्वतःचे स्वयंपाकघर बहुधा नसते. मध्यम आणि मोठी हॉटेले आहेत. त्यांत न्याहारीला पंधरा-वीस पदार्थ एका ओळीत मांडलेले असतात आणि एकाच पळीने दोन चटण्या वाढल्या जातात. गावाबाहेर, नदीकाठी आणि झाडीत, विश्रामाची रमणीय निवासस्थाने आहेत. मुलांना तेथे मोकळे खेळता येते, पण तेथून इस्पितळ दूर पडते. ह्यांखेरीज घरगुती निवासाची सोयही काही ठिकाणी मिळते.

आमच्या घरी आठ वर्षांची नात आहे आणि तिला तिळाचे वावडे आहे. आम्ही जाण्यापूर्वी दोन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणच्या व्यवस्थापकाने प्रश्न पुरा होण्याआधीच ‘नो प्रॉब्लेम’ असे तीनदा सांगितले. दुसऱ्या ठिकाणी फोन स्वयंपाकघरात दिला गेला. तेथील वयस्कर बाईंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “डोशाचा तवा मी तुम्हांला देणार नाही. त्यावर रोज नल्लेण्णै पडते, तो कितीही घासला तरी मला खात्री नाही. इडली फडक्यावर करीन, भात वेगळ्या पातेल्यात करीन. बाकीचे तुम्ही आपले आणा.” आम्ही दुसरे ठिकाण पत्करले. तेथल्या खोल्या लहान होत्या आणि अंगण तर नव्हतेच; पण नात तीन दिवस पोटभर जेवली. ज्या स्वयंपाकघराला आपल्या मर्यादा सांगता येतात, तेच विश्वासाचे, असे तेव्हापासून आमच्या घरी मानले जाते.

तेव्हा फोन करावयाचा तो दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, स्वयंपाकघर निवांत असते तेव्हा. आणि शक्यतो स्वयंपाक करणाऱ्याशीच बोलावे. विचारावे ते इतके: तेल कोणते? सांबाराचा मसाला घरी कुटलेला की तयार? शेंगदाण्याची चटणी आणि खोबऱ्याची चटणी एकाच भांड्यात वाटली जाते का? वेगळे पातेले आणि वेगळी पळी मिळेल का? सकाळच्या पाळीला हीच मंडळी असतील की दुसरी? खोलीत भाताचा विजेचा कुकर लावू द्याल का? शेवटच्या प्रश्नाला होकार मिळाला, तर निम्मे काम झाले असे समजावे.

वेष्टनातील खाऊ घेताना छापील मजकूर वाचावा, पण त्याच्या मर्यादाही जाणाव्या. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी वेष्टनावर ज्यांचा इशारा देणे आवश्यक केले, त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व काजू-बदामांसारखी कवचफळे, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणाहून अधिक सल्फाइट यांचा समावेश आहे. तीळ आणि मोहरी ह्या यादीत नाहीत. म्हणजे इशारा छापलेला नाही म्हणून तीळ नाहीत, असे म्हणता येत नाही. घटकांची संपूर्ण यादीच वाचली पाहिजे.

देवळातील प्रसादाचाही विचार आधीच करावा. चिंचभातात तिळाचे तेल, कित्येकदा तिळाची पूड आणि शेंगदाणेही असतात. गोड पोंगलात तूप व काजू असतात. मुलाने हात जोडून विभूती घ्यावी आणि प्रसाद वडीलधाऱ्यांनी स्वीकारावा. त्यात देवाचा अवमान नाही. जानेवारीत पोंगलचा सण आणि तिरुवय्यारूला त्यागराजांचा आराधना-उत्सव असतो. संगीताच्या रसिकांना तो काळ पर्वणीचा. पण गर्दीच्या दिवसांत स्वयंपाकघरे घाईत असतात, आणि घाईत पळ्यांची अदलाबदल होते. पथ्याच्या मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी हे दिवस टाळलेले बरे.

औषधाच्या बाबतीत हयगय नको. ज्या मुलाला तीव्र प्रतिक्रिया येते, त्याच्यासाठी डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन सांगितलेले असेल, तर ते सामानात नव्हे, अंगावरच्या पिशवीत असावे, आणि मांडीत ते कसे द्यावयाचे हे आई-वडील दोघांनाही शिकविलेले असावे. खाज थांबविणाऱ्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. इंजेक्शन दिल्यावर बरे वाटले तरी इस्पितळात जावेच. तंजावरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मुक्काम ठरविताना तेथवर रात्री किती वेळ लागेल, हे विचारून घ्यावे. रम्य नदीकाठ आणि जवळचे इस्पितळ यांत निवड करावयाची झाली, तर ज्या मुलाला पूर्वी श्वास कोंडण्याचा त्रास झाला आहे त्याच्यासाठी गावातलेच घर पत्करावे.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की एवढी यातायात करून जावेच कशाला? त्याचे उत्तर तंजावरच्याच इतिहासात आहे. ह्या शहराने अन्न आणि आरोग्य यांचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. भोसल्यांच्या दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथसूरींनी सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अन्नाचे गुणदोष आणि पथ्यापथ्य यांची चर्चा आहे. सरफोजीराजांच्या काळचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी पुस्तक सरस्वती महाल ग्रंथालयाने छापले आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत, आणि डोळ्यांच्या रुग्णांची टिपणेही त्यांच्या काळी ठेवली गेली. आजच्या अर्थाचे वावडे त्या ग्रंथांना ठाऊक नव्हते. पण प्रत्येकाला एकच अन्न मानवत नाही, ही जाणीव मात्र तेथे आहे.

त्याहून मोठी गोष्ट छत्रांची. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी वाटेवर छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकीच एक. सन १८०१ मध्ये सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहून ही छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती केली, आणि त्यांचा रिवाज सविस्तर सांगितला. कोणत्याही जातीच्या वाटसरूला शिजलेला भात मिळे. ज्यांना शिजविलेले चालत नसे, त्यांना कोरडा तांदूळ आणि मीठमसाला, म्हणजेच शिधा, देण्यात येई. तान्ह्या मुलांना दूध मिळे, आजाऱ्यांची आणि बाळंतिणींची व्यवस्था होई, आणि मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे का, अशी विचारणा होई. शिजलेले का चालत नाही, याची चौकशी झाल्याचा उल्लेख त्यात नाही. ज्याचे त्याचे पथ्य त्याच्यापाशी. छत्राचे काम त्याला उपाशी न ठेवण्याचे.

वाचकहो, हाच दाखला पुढे ठेवून आपणही निघावे. चार दिवसांचा शिधा बांधून घ्यावा: घरचे मेतकूट, घरी कुटलेला मसाला, चालणारे तेल, लहानसा कुकर आणि एक स्वच्छ पळी. तांदूळ तंजावरचाच घ्यावा; त्याच्याइतका ताजा तांदूळ दुसरीकडे कोठे मिळणार? पंगतीत मुलाला कडेला बसवून त्याच्या पानावर आधी वाढून घ्यावे. ताजे केळीचे पान हे सर्वांत निर्धोक ताट आहे, कारण त्याला कालच्या जेवणाचा अंश चिकटलेला नसतो. आणि एकदा पोटाची काळजी मिटली, की मुलांना घेऊन त्या मराठी शिलालेखापाशी जावे आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचावयास सांगावी.