तिरफळाची पारख

ऐंशीच्या दशकात एडिनबरातल्या आम्हा मराठी मंडळींत कुणाला 'खवय्या' म्हटलं, की ते त्याच्या जिभेचं कौतुक असे. गाण्यातला तो गवय्या, तसा खाण्यातला तो खवय्या. खादाड माणूस भरपूर खातो. खवय्या खाल्लेलं ओळखतो.

तेव्हा ओळखायला पदार्थ मोजकेच. इथला मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, जरा अधिक तेलकट. त्याचं तिखलं व्हायचं, पण तिरफळं गावाहून कुणी आलं तरच मिळत. संपली की चिनी दुकानातली सिचुआन मिरी, तीही तिरफळाच्याच कुळातली. आमच्यातले एक मालवणी काका पहिल्याच घासाला सांगत, "आज तिरफळ आपलं नाही हां." आणि लगेच, "पण वहिनी, आंबटाचं प्रमाण नेमकं जमलंय!"

इंग्रजीत त्याच सुमारास 'फूडी' हा शब्द रुळत होता. अ‍ॅन बार आणि पॉल लेव्ही यांचं 'द ऑफिशियल फूडी हँडबुक' 1984 मध्ये आलं. 'गुर्मे' त्याहून कितीतरी जुना. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ दारूच्या व्यापाऱ्याचा नोकर, पुढे वाइनचा पारखी. खुद्द एडिनबरात 1826 साली ख्रिश्चन इसोबेल जॉनस्टन यांनी 'मेग डॉड्स' या नावानं पाकपुस्तक लिहिलं. त्यातल्या काल्पनिक खवय्यांच्या मंडळात 'नबाब' म्हणवणारा, पूर्वेकडचे देश फिरून आलेला टचवुड आहे. या शहराला खवय्ये नवे नाहीत.

आज सेंट अँड्र्यू स्क्वेअरच्या 'डिशूम'मध्ये इराणी हॉटेलांच्या मुंबईची चव मिळते. शनिवारी किल्ल्याखाली कॅसल टेरेसवर शेतकरी बाजार भरतो. कोकमं, तिरफळं घरबसल्या मागवता येतात. आमची मुलं कोरियन, इथिओपियन, पेरूचं जेवण आवडीनं खातात, आमच्याहून किती तरी अधिक जाणतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

हुरहूर एवढीच, की दर आठवड्याला नवी चव शोधताना एकाच पदार्थाकडे परतणं कमी झालं. काकांना तिरफळातला फरक कळला, कारण ते तिखलं त्यांनी जन्मभर खाल्लं होतं. म्हणून मुलांना सांगावंसं वाटतं: जग खा, पण एक पदार्थ आयुष्यभर खा, आणि तो रांधणाऱ्याला नेमकं काय साधलं ते आवर्जून सांगा. खवय्या त्यातूनच घडतो.