फॉर्म भरायला शेजारी कुणीतरी हवं

२०२५ च्या जूनपासून सहा महिने मी लेकीकडे कॅलिफोर्नियात होते. म्हातारपणी पाहिलेली अमेरिका म्हणजे बहुतेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलेली अमेरिका! लेक-जावई कामावर जायचे आणि धाकट्या नातीला सांभाळायला दुपारी एक मुलगी यायची. एकोणीस वर्षांची. आई मेक्सिकोतून आलेली, लोकांची घरं साफ करायची. वडील नव्हते. मुलगी मात्र इथेच जन्मलेली, अमेरिकेची नागरिक.

माझं इंग्रजी बेताचं. शिक्षण सगळं मराठीतून, बी.ए.सुद्धा. पण पस्तीस वर्षं शाळेत घालवल्यावर समोर तरुण मूल दिसलं की तोंडातून पहिला प्रश्न एकच निघतो. मी विचारलं, "काय शिकतेस?" ती म्हणाली, "काही नाही. नर्स व्हायचं होतं, पण कॉलेज परवडत नाही."

संध्याकाळी लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, अगं कम्युनिटी कॉलेज आहे की जवळच!" मग मला सगळं समजावून सांगणं आलं. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. पहिलं इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला १९०१ साली निघालं. इथे मार्कांची चुरस नाही, जो येईल त्याला प्रवेश. दोन वर्षं इथे काढून पुढे विद्यापीठात जाता येतं किंवा एखादा व्यवसाय शिकून बाहेर पडता येतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना फी एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे वर्षाच्या तीस युनिटांना १३८० डॉलर. आणि उत्पन्न कमी असेल तर तीही राज्य सरकार माफ करतं. त्या सवलतीचं नाव कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट.

मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. टीव्हीवर लाख-लाख डॉलर कर्जाच्या बातम्या पाहून सगळी कॉलेजं तशीच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शाळेत असताना तिने 'फाफ्सा'चा फॉर्म उघडला होता. विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत मिळते ती या एका फुकट अर्जावर. आईच्या उत्पन्नाचं पान आलं, आणि तिने तो बंद केला तो केलाच.

मग तीन संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. लेक सांगणार, मुलगी टाइप करणार, आणि मी शब्दकोश घेऊन उगाच मध्ये मध्ये विचारणार. त्यातून मला जे उमगलं ते असं.

सगळ्यात मोठी मदत पेल ग्रँट. सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या प्रयत्नांतून १९७२ साली ही योजना आली, आणि १९८० पासून तिला त्यांचं नाव आहे. त्या वर्षी जास्तीत जास्त ७३९५ डॉलर मिळत होते आणि ते फेडायचे नव्हते. फी आधीच माफ असेल तर हा पैसा पुस्तकं, बस, भाडं यांना कामी येतो. खरी अडचण तिथेच असते ना? आपल्याकडेही फी माफ झालेली मुलं मेसचे पैसे नाहीत म्हणून घरी परततच होती.

दुसरी कॅल ग्रँट. ही राज्याची, आणि कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी २ सप्टेंबर ही वाढीव मुदत. तिसरी वर्क-स्टडी, म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयात वगैरे काम करून पगार घ्यायचा. हे ऐकून मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. आपल्या 'कमवा आणि शिका'चीच ही बहीण! फक्त ती सगळ्यांच्या वाट्याला येतेच असं नाही. चौथं कर्ज. कॉलेजकडून जे मदतीचं पत्र येतं त्यात कर्जही मदतीच्याच यादीत ऐटीत बसलेलं असतं. ते ओळखून वेगळं काढायला हवं. आणखी एक सांगते. सत्राचा साठ टक्के काळ व्हायच्या आत सगळे वर्ग सोडले, तर ग्रँटचा काही भाग परत करावा लागू शकतो.

(तिकडच्या आपल्या लोकांसाठी : ग्रीन कार्ड असलेल्या मुलांना केंद्राची मदत मागता येते, एच-४ व्हिसावरच्या मुलांना नाही.)

गाडी अडली ती पुन्हा त्याच पानावर. चोवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना, काही अपवाद सोडले तर, पालकांचं उत्पन्न दाखवावंच लागतं. पालकाने स्वतःचं खातं उघडून करखात्याची माहिती घेऊ द्यायला संमती द्यायची असते. तिसऱ्या दिवशी आई आली. पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या कडेवर बसली. मुलीने स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि आईने नुसती मान हलवली. नाही. "माझी कमाई मी कशाला दाखवत फिरू?"

ते वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. मराठीत.

१९७८ सालची गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार. वडील शिंपी. ई.बी.सी.च्या सवलतीचा फॉर्म त्याने तीनदा कोराच परत आणला. चौथ्यांदा म्हणाला, "बाई, वडील म्हणतात, मी गरीब आहे असं सरकारला लिहून देणार नाही." त्यांचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर. मी जायला हवं होतं. पण परीक्षा होत्या, घरी तान्हं मूल होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा थोडा रागच आला होता. फॉर्म मी टेबलाच्या खणात टाकला. मुदत गेली. जूनमध्ये मुलगा दहावीत आला नाही.

पुढे तो सायकलच्या दुकानात दिसायचा. माझ्या सायकलचं पंक्चर काढलं तर पैसे घ्यायचा नाही. "राहू द्या बाई," म्हणायचा. ते पैसे मला आजही टोचतात.

मी त्या आईला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मुलीने तिला ते समजावलं. म्हटलं, माझ्याही वडिलांनी असाच दाखला आणला होता. तलाठ्याकडे तीन खेपा घातल्या. त्या कागदावर मी शिकले, आणि त्यांची मान काही खाली गेली नाही. मग त्या शिंप्याच्या मुलाचीही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने पर्स उघडली आणि चष्मा काढला.

मी नोव्हेंबरात निघाले तेव्हा मुलगी कॉलेजात जाऊ लागली होती. पेल ग्रँट मंजूर झाली होती. शरीरशास्त्राचं एक जुनं, जाडजूड पुस्तक तिने मला आणून दाखवलं. नर्सिंगला प्रवेश अजून लांब आहे, तिथे रांग मोठी असते. पण ती रांगेत उभी तरी आहे.

आता मी घरी आले आहे. आपल्याकडेही शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर, ऑनलाइन. पैसा तिथेही आहे, इथेही आहे. पण तो आपल्या पायांनी चालत कुणाच्या घरी जात नाही. गुरुवारी दुपारी मी आमच्या वाचनालयात बसते. कॉम्प्युटरचं मला फारसं कळत नाही, ते मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी नुसती शेजारी बसते. आणि आई किंवा वडील यायला तयार नसतील, तर पत्ता विचारून घेते.

असो. तुमच्या ओळखीत असं कुणी फॉर्म अर्धवट सोडलेलं असेल, तर एकदा घरी जाऊन या. दहा मिनिटांचंच अंतर असतं.