मोहावरची वटवाघळे

वटवाघळे हाकलून लावावीत, या मताचा मी कित्येक वर्षे होतो आणि ते चारचौघांत ठासून सांगायचो. इस्लापूरच्या आसपास फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. पहाटे अंधारात टोपली घेऊन फुले वेचणारी बाई आणि रात्रीच त्या फुलांवर ताव मारणारे वटवाघूळ, यांत बाजू कोणाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता. कायदाही माझ्या बाजूचा होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवली होती. त्यात 2018 साली केरळात वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूची साथ आली आणि मला आणखी जोर चढला.

मत बदलले ते भूतदयेमुळे नव्हे. मोहाचे फूल नीट पाहिले म्हणून बदलले.

परागण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मधमाशी येते. किनवटच्या जंगलात पळसावर साळुंक्या झोंबतात, तेही दिसते. मोहाचा कारभार रात्रीचा, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. कळी उमलण्याआधीच तिच्या टोकातून एक बारीक दांडी बाहेर डोकावते. ती कुक्षीवृंत. तिच्या टोकाची कुक्षी पराग घ्यायला तयार असते तेव्हा त्याच फुलातले पुंकेसर अजून पिकलेले नसतात. म्हणजे पराग बाहेरून यायला हवा, शक्यतो दुसऱ्या झाडावरून. तो आणते वटवाघूळ. ते गोड, गुबगुबीत पाकळ्यांचा गोळा तोंडाने ओढते. पुंकेसर त्या गोळ्यालाच आतून चिकटलेले असल्याने पराग त्याच्या तोंडाला माखतो आणि पुढच्या झाडावर बाहेर आलेल्या कुक्षीला लागतो. थोडा पराग वाराही नेतो. अंडाशय मात्र फांदीवरच राहते. त्याचेच पुढे पावसाळ्याच्या तोंडावर फळ होते आणि बियांचे तेल निघते.

म्हणजे आपण वेचतो आणि ते खाते, तो फुलाचा एकच भाग, आणि तो गेल्याने फळ बुडत नाही. शिवाय फळ पिकल्यावर गर खाऊन बी लांब नेऊन टाकणारेही तेच.

‘पण फूल तर गेलेच ना?’ असे माझा शेजारी विचारतो. गेलेच. ज्या घराचा उन्हाळा मोहावर निघतो, त्याला पावशेर फूलही मोलाचे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याने त्याला निसर्गाचे धडे देऊ नयेत. पण माझा राग आता दुसरीकडे वळला आहे. फुले सापडावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यात मोहाची रोपे जळतात. बांधावर जुनी झाडे आहेत, त्यांच्या खाली पोर नाही. वटवाघळाने कितीही बिया टाकल्या तरी त्या आगीत टिकणार कशा? पाला झाडून बाजूला केला किंवा जुनी लुगडी अंथरली तरी भागते. हे शेजाऱ्याला अजून पटलेले नाही.

2022 च्या दुरुस्तीने कायद्यातली ती उपद्रवींची यादीच निघाली. मीही हाकलणे सोडले, पण सगळीकडे नाही. परसातल्या पेरूवर अजून जाळी टाकतो आणि उष्टे फळ नातवंडांना खाऊ देत नाही.