कोंबडा की कोंबडी?

‘‘ब्लूबेरीज् आहेत का गं?’’

अंधेरीत वाढलेल्या, आडनावाने शंभर टक्के मराठी असलेल्या माझ्या मैत्रिणीने डब्यात डोकावून हा प्रश्न टाकला, तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. डब्यात करवंदं होती. टपोरी, काळीभोर, देठाशी अजून थोडी लालसर. ‘‘मी कधी खाल्लीच नाहीत,’’ मॅडम म्हणाल्या. साफ खोटं! तिने खाल्लीयेत, मी खाल्लीयेत आणि तुम्हीसुद्धा. बेकरीतल्या पेस्ट्रीवर ती लालभडक ‘चेरी’ ऐटीत बसलेली असते ना? ती बऱ्याचदा करवंदच असते. बिया काढलेलं, मूळचा रंग घालवलेलं, पाकात मुरवून पुन्हा लाल रंगवलेलं. लहानपणी वाढदिवसाला ज्या चेरीवरून आपण भावंडांशी मारामाऱ्या केल्या, ती आपल्याच डोंगरातली काळी मैना, मेकअप करून आलेली!

मेकअपशिवायची मैना भेटायला मात्र आपल्यालाच जावं लागतं. आणि तेही मे महिन्यात, जेव्हा कुठलाही शहाणा माणूस ट्रेकला जात नाही.

माझी सुरुवात झाली कर्जत स्टेशनबाहेर. टोपलीत करवंदं, पानांच्या द्रोणात वाटे लावलेले, शेजारी बसलेली पन्नाशीची एक मावशी. वाटा वीस रुपये. मी सवयीने म्हटलं, ‘‘तीसला दोन द्या ना.’’ मावशी काही बोलली नाही. नुसता हात पुढे केला. कोपरापर्यंत ओरखडे, काही ताजे, काही खपली धरलेले. ‘‘आधी हे बघ बाय,’’ म्हणाली. मी मुकाट्याने चाळीस काढून दिले. शरमेने असेल, पण पुढच्याच मिनिटाला मी विचारत होते, ‘‘मला न्याल एकदा बरोबर?’’

पुढच्या रविवारी पहाटेची कर्जत लोकल. नेरळला माथेरानवाली गर्दी उतरते आणि डबा रिकामा होतो. त्यापुढचं स्टेशन भिवपुरी रोड. पावसाळ्यात इथे धबधब्यासाठी झुंबड असते, मेमध्ये उतरणारे आम्ही चौघं-पाचजण. मावशी माथेरानच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीतली. साडेसहाला भेटली आणि माझे थ्री-फोर्थ्स आणि स्लीव्हलेस टॉप बघून पदराआड हसली. का, ते अर्ध्या तासात कळलं.

करवंदाची झाडं नसतात, जाळ्या असतात. एकात एक गुंतलेल्या फांद्या आणि जागोजागी जोडीजोडीने उभे काटे. हात आत घालणं सोपं, बाहेर काढणं कठीण. फळ तोडलं की देठातून दुधासारखा पांढरा चीक येतो. मी उत्साहाच्या भरात पाच-सहा सरळ तोंडात टाकली. दोन मिनिटांत वरचा ओठ खालच्याला चिकटला! ‘‘थांब जरा, चीक बसू दे,’’ मावशीचं म्हणणं. ती तोडलेलं लगेच खात नाही. टोपलीत टाकते, घरी गेल्यावर धुते, मग पोरांना देते. मला तेवढा धीर कुठला? मी टी-शर्टला पुसून पुसून खाल्ली. त्या टी-शर्टचं पुढे काय झालं ते विचारू नका.

पण चव! आधी आंबट, मग गोड, मग जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. आणि गंमत म्हणजे प्रत्येक जाळीची चव वेगळी. कोणी कलमं केलेली नाहीत, बुलबुलांनी फळं खाल्ली आणि जिथे बिया टाकल्या तिथे ही उगवली. मावशीला एकेक जाळी पाठ. ‘‘ही आंबट, लोणच्याला. ती वरची गोड, पण बिया लई.’’ लालसर फळाला हात लावला की ओरडा बसायचा. ‘‘ते नको, परवा काळं होईल.’’ तिच्या टोपलीत एकही अर्धकच्चं फळ नव्हतं. माझ्या पिशवीत निम्मी तीच.

मध्येच तिने एक करवंद दोन बोटांत धरून विचारलं, ‘‘कोंबडा की कोंबडी?’’ आठवतोय हा खेळ? फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. मी सलग सात वेळा हरले.

वाटेत तोरणं भेटली. ही पिकल्यावर पांढरी होतात, मोत्यांसारखी. पिठूळ, गोडसर, नंतर किंचित कडवट. आळूही होते, खाकी रंगाचे, दिसायला अगदीच गरीब, गर मात्र छान आंबटगोड. आंबगुळांचा मोसम तेव्हा उलटून गेला होता. लाल, अंगावर चंदेरी ठिपके असलेली ती फळं चाखायची असतील तर होळीच्या सुमाराला फिरायला हवं. हे सगळं आपल्या मॉलमध्ये का नाही, या प्रश्नाचं उत्तर माझ्या पिशवीतच होतं. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, मग रस सुटतो. एसी व्हॅन, गोदाम, प्लास्टिकची डबी, बारकोड हा प्रवास त्याला झेपतच नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मिळालं, तिला पत्ता आहे, खोका आहे. करवंदाला फक्त ओळखणारी माणसं आहेत.

नऊच्या सुमाराला मावशी थांबली. समोर तारेचं नवंकोरं कुंपण. पलीकडे सपाट केलेली जमीन, लाल मातीचे रस्ते, ओळीने लावलेले बॉटल पाम आणि गेटवर ‘सेकंड होम’चा बोर्ड. ‘‘सगळ्यात गोड जाळी तिथे होती,’’ तिने बोट दाखवलं. जेसीबीने काय आधी काढलं असेल? काटेच! खरेदीदाराच्या लेखी ते झुडूपच तर होतं. मावशीच्या लेखी मात्र ते पावसाआधीचे तीन-चार आठवडे. या दिवसांत मिळालेल्या पैशांतून घरावर टाकायची ताडपत्री येते, भाताचं बियाणं येतं. मी विचारलं, ‘‘कोणी काही बोललं नाही?’’ ‘‘काय बोलायचं बाय? जागा आमची थोडीच होती? जाळी आमची होती.’’

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर त्याच हिवाळ्यात माझ्या दोन मित्रांनी कर्जतजवळ प्लॉट बघितलेत आणि साइट व्हिजिटला मीही गेले होते. व्ह्यू मस्त होता. तेव्हा पायाखाली काय होतं ते मला आठवत नाही.

असो. तुम्हाला जायचं असेल तर एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंतच. ‘‘पाऊस पडला की फळात अळी,’’ इति मावशी. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, दोन लिटर पाणी घ्या आणि दहाच्या आत खाली उतरा. ऊन खरंच चटका देतं. एकट्याने जाळ्या शोधण्यापेक्षा वाडीतल्या कुणाला तरी बरोबर घ्या आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. डोंगर नकोच असेल तर कर्जत-नेरळ स्टेशनबाहेर टोपल्या असतात. तिथे घासाघीस करण्याआधी हात बघा. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, चीक जातो. हिरवी मिळाली तर लोणचं. अर्धकच्च्यांची जेली करा, पेक्टिन मुळातच भरपूर असल्याने ती वेगळं काही न घालता मस्त जमते. माझ्या पिशवीतल्या निम्म्या मालाचं मी तेच केलं. आणि करवंदं संपली म्हणून हळहळू नका, जूनमध्ये पालघरकडे बहाडोलीची टपोरी जांभळं तयारच असतात.

अरे हो, ती मैत्रीण. तिने आधी एक घेतलं, घाबरत घाबरत. मग मूठभर. मग डबाच ओढून घेतला. अर्ध्या तासाने आरशात जांभळी जीभ बघून किंचाळली आणि म्हणाली, ‘‘पुढच्या रविवारी मी येते.’’

‘‘पाऊस आला नाही तर,’’ मी म्हटलं आणि डब्यातलं शेवटचं करवंद उचलून तिच्यासमोर धरलं. ‘‘बोल, कोंबडा की कोंबडी?’’