ऐंशी वर्षांची सात मिनिटे

साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी दाखवायचा छायाचित्रांचा व्हिडिओ आता पिंपरी-चिंचवडमधल्या घरगुती समारंभाचा ठरलेला भाग झाला आहे. वयाइतके दिवे लावून औक्षण झाले, की हॉलमधला उजेड कमी होतो आणि पंगत बसण्याआधीची काही मिनिटे सगळ्यांच्या नजरा पडद्याकडे वळतात. या शहरात सध्या अशा समारंभांचा बहर आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये पिंपरीत उभी राहिली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या काळात सातारा, नगर, मराठवाडा, खानदेशातून आलेली विशीतली मुले एकेका कंपनीत लागत गेली. ती मुले आता ऐंशीच्या घरात आहेत. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त धरले, तर हजार पौर्णिमा भरायला 81 वर्षांना जेमतेम दोन महिने कमी पडतात. या औद्योगिक नगरीची पहिली कामगार पिढी हजाराव्या चंद्राला सामोरी जात आहे.

त्यांच्यापैकी अनेकांचा कागदोपत्री वाढदिवस 1 जूनला येतो. खेड्यातल्या शाळेत नाव घालताना नेमकी तारीख कुणाला ठाऊक नसे. गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत. निवृत्तीही त्याच तारखेने ठरली. आई सांगायची ती खूण वेगळी असे: अमक्याच्या लग्नानंतरचा पोळा, नदीला पूर आला ते साल. व्हिडिओची सुरुवात अशा आठवणीपासून व्हावी. बाळपणाचे छायाचित्र या पिढीजवळ बहुधा नसतेच. पहिला फोटो सापडतो तो मॅट्रिकच्या किंवा आयटीआयच्या अर्जाचा: तेल लावून चापून बसवलेले केस, मानेपर्यंत लावलेली गुंडी, कुणाकडून मागून आणलेला कोट. त्याआधीच्या वर्षांसाठी गावचे घर, शाळेचा दाखला, वडिलांचे हस्ताक्षर असलेले पत्र यांची छायाचित्रे घ्यावीत. कागदही चेहऱ्याइतका बोलतो.

फोटो जमवणे हे या कामातले सर्वांत मोठे आणि सर्वांत आनंदाचे काम. महिना-दीड महिना आधी सुरुवात केलेली बरी. उत्सवमूर्तीच्या कपाटातले अल्बम पुरत नाहीत; बहिणीच्या सासरी, गावच्या घराच्या भिंतीवर, जुन्या शेजाऱ्यांकडे अधिक दुर्मीळ फोटो निघतात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या एच. ए. कॉलनीत किंवा प्राधिकरणाच्या वसाहतीत एका घरी कॅमेरा असला, की आळीतल्या सगळ्या बारशांचे फोटो त्याच घरातून निघत. म्हणून ज्याच्याकडे कॅमेरा होता, त्याचे घर आधी गाठावे. आग्फा क्लिक थ्रीच्या रोलमध्ये बारा चौकोनी फोटो बसत. बारांपैकी एकही वाया जाऊ नये, म्हणून माणसे उन्हाकडे तोंड करून श्वास रोखून उभी राहत. त्या फोटोंतले ताठ खांदे आणि बारीक झालेले डोळे हा त्या काळाचाच पुरावा आहे.

फोटोचे साल ठरवायला फोटोतच खुणा असतात. अंगणातल्या बजाज चेतकची नंबर प्लेट पाहावी: एमपासून सुरू होणारी तीन अक्षरे असतील, तर फोटो सहसा 1990 च्या आधीचा किंवा त्या सुमाराचा, एमएच-14 असेल तर नंतरचा. प्रिंटच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो. भिंतीवरचे कॅलेंडर, मुलाच्या गणवेशाचा रंग, नुकत्याच सुरू झालेल्या बांधकामाच्या सळया, यांतून वर्ष पुढे-मागे करता येते.

तरीही मोठी पोकळी राहते, आणि ती ओळखणारा व्हिडिओच चांगला होतो. माणसाने आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षे जिथे काढली, त्या शॉप फ्लोअरवरचा फोटो जवळजवळ कोणाकडेच नाही. गेटच्या आत कॅमेरा न्यायची परवानगी नसे. आज चाकणच्या अनेक कंपन्यांत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून कामगाराला आत सोडतात. घरचे अल्बम चाळले तर वाटेल, की या माणसाने आयुष्यभर फक्त लग्ने आणि सहली केल्या. तिन्ही पाळ्या, ओव्हरटाइम, परमनंट झाल्याचे पत्र, बोनसमधून आलेले शिवणयंत्र यांतले काहीच तिथे दिसत नाही. ही वर्षे वस्तूंतून उभी करावी लागतात. कंपनीचा बिल्ला, ओळखपत्र, पितळी टोकन, पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेले घड्याळ, झिजलेला मायक्रोमीटर, जेवणाचा डबा या वस्तू खिडकीजवळ साध्या कापडावर ठेवून टिपाव्यात. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असे. त्या दिवशीचा हार घातलेल्या लेथशेजारचा एखादा फोटो मिळाला, तर त्याला व्हिडिओत मानाची जागा द्यावी. निरोप समारंभाचा फोटोही असतोच: शाल, श्रीफळ, मागे उभे असलेले सहकारी. काही घरांत 1989 मधल्या टेल्कोच्या संपाची, शनिवारवाड्यावरच्या उपोषणाची कात्रणे जपलेली असतात. ती घ्यायची की नाही, हे उत्सवमूर्तीला विचारून ठरवावे. तो त्यांच्या आयुष्याचा भाग आहे आणि त्यावर पहिला हक्क त्यांचा.

उत्सवमूर्ती आई असेल तर पोकळी आणखी मोठी. ती फोटोच्या कडेला, अर्धी दाराआड, किंवा चुलीपाशी पाठमोरी. पहिल्या पाळीच्या बससाठी पहाटे चारला उठून डबा करणारी, गावाकडून आलेल्या दिराला-भाच्याला नोकरी लागेपर्यंत दोन खोल्यांत सांभाळणारी, कधी बिनलग्नाच्या कामगारांचे डबे करून संसाराला हातभार लावणारी हीच बाई होती. सामूहिक फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करावा. शक्य असेल तर तिच्या हातांचा आजचा फोटो काढावा.

जुने प्रिंट संगणकात घेण्याचे काम घाईचे नाही. पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे सहा बाय चार इंचांचा फोटो 300 डीपीआयवर स्कॅन केला, तर 1800 बाय 1200 ठिपके मिळतात. नेहमीचा फुल एचडी पडदा 1920 बाय 1080 चा असल्याने तो जेमतेम भरतो. फोटोतल्या एका चेहऱ्याकडे जवळ जायचे असेल तर 600 डीपीआयच हवे. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो: फोटो सपाट ठेवावा, खिडकीचा मऊ उजेड बाजूने घ्यावा, फ्लॅश बंद ठेवावा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत. मागून बारीक दोरा अलगद सरकवावा, आणि सुटत नसेल तर पानासकट टिपावा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत प्रिंट लालसर दिसतात, कारण त्यांतले निळसर रंगद्रव्य इतरांच्या आधी विटते. सदऱ्याचा किंवा भिंतीचा पांढरा रंग पांढरा दिसेपर्यंत लाली कमी केली, की चेहरेही पूर्वपदावर येतात. यापलीकडे जाऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेने कृष्णधवल फोटो रंगवता येतात, गेलेल्या माणसाला हसवता येते. पण त्या शालूचा रंग खरा कोणता होता हे यंत्राला माहीत नसते, आणि ते हसू त्या माणसाचे नसते. समोर बसलेल्या बहिणीला ते लगेच कळते.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो आकुंचन पावून येतो आणि मोठ्या पडद्यावर फिका, फाटका दिसतो. नातेवाइकांना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

एका फोटोला सरासरी पाच सेकंद दिले, तर सात मिनिटांत ऐंशीच्या आसपास फोटो बसतात. याहून लांब व्हिडिओ घरच्यांना हवा असतो. पाहुण्यांना तो जड जातो. मात्र सगळ्यांना सारखी सेकंदे देणे ही चूक. एकट्या चेहऱ्याला तीन-चार सेकंद पुरतात. वीस जणांच्या कौटुंबिक फोटोत प्रत्येक जण स्वतःला शोधतो, त्याला आठ-दहा द्यावीत. फोटोवर कॅमेरा संथपणे सरकवण्याची पद्धत अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाने ओळखली जाते. ती इथे कामाला येते, कारण नजर कुठे न्यायची हे त्यातून ठरते: आधी मागच्या रांगेतला लाजरा मुलगा, मग पूर्ण वर्‍हाड. पाने उलटणारे, फुले उधळणारे तयार परिणाम मात्र फोटोवरून लक्ष काढून घेतात. चौकोनी आणि उभे फोटो पडद्याच्या आकारासाठी कापू नयेत. कडेला साधी गडद जागा सोडली तरी चालते. सालांचा क्रम ठेवावा, पण तोडावाही. तरुणपणी सायकलीवर कारखान्याकडे निघालेले वडील आणि लगेच चाकणच्या कंपनीच्या बसची वाट पाहणारा नातू, अशी एकच जोडी संपूर्ण व्हिडिओला पुरते.

गेलेल्यांचे फोटो टाळू नयेत आणि हार घातलेलेही घेऊ नयेत. ते हयात असताना जसे होते तसे यावेत.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि पाहणारे सर्वांत जास्त त्यानेच हलतात. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 1892 पासून काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या झोतात पडद्यावर दाखवत. त्या शांबरिक खरोलिकेच्या खेळांत निवेदन आणि संगीत चित्रांच्या जोडीला असे. चित्रांची मालिका सांगणाऱ्याच्या आवाजावर उभी राहते, हे मराठी प्रेक्षकाला तेव्हापासून ठाऊक आहे. सलग एकच चित्रपटगीत लावण्यापेक्षा उत्सवमूर्तीचाच आवाज घ्यावा. पंखा बंद करून, मोबाइल वीतभर अंतरावर ठेवून त्यांना विचारावे: पहिल्या पगारातून काय घेतले, गाव सोडताना सोबत कोण आले, भोंगा वाजायच्या आत गेटवर पोहोचायला घरातून किती वाजता निघत. तासभराच्या बोलण्यातून दीड-दोन मिनिटे निवडली तरी पुष्कळ. संगीत त्या आवाजाखाली हळू राहावे. काही घरांत जुन्या कॅसेटवर आजीची ओवी सापडते. ती मिळाली तर इतर कोणत्याही गाण्याची गरज उरत नाही.

फोटोखालची ओळ थोडक्यात असावी: साल, ठिकाण, नाते. काही अॅपमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात, म्हणून प्रत्येक नाव वाचून पाहावे; ऐंशीव्या वर्षी स्वतःचे नाव चुकीचे दिसणे कोणालाही लागते. तयार फाइल एमपी-4 मध्ये करून पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप दोन्हींवर ठेवावी, हॉलमध्ये आदल्या दिवशी आवाजासकट लावून पाहावी. दिवसाउजेडी प्रोजेक्टर फिका पडतो, पडदे आहेत का ते विचारून घ्यावे.

व्हिडिओ पूर्ण झाला, तरी मूळ फोटोंचे काम संपत नाही. स्कॅन केलेल्या फाइली किमान तीन ठिकाणी, त्यांतली एक दुसऱ्या घरात, अशा ठेवाव्यात. आणि ज्या घरात यंदा ऐंशीचा सोहळा आहे, त्या घराने हे आजच करावे: अल्बम घेऊन उत्सवमूर्तीजवळ बसावे आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत. मागच्या रांगेतला तो तिसरा माणूस कोण, हे सांगणारे घरात आता ते एकटेच उरले आहेत.